बर्फात अडकलेले आणि पुरात अडकलेले

परवा भाची सुट्टीला आली तेव्हा एक पुस्तक देऊन गेली. "मामा, तुम्हाला रहस्यकथा आवडतात ना? मग हे वाचा. बर्फात अडकलेलं हॉटेल आहे, लाईट गेलेत, फोन बंद, आणि एकामागून एक मुडदे. एका रात्रीत संपतं."

संपलं खरं एका रात्रीत. पण सकाळी उठल्यावर जी चिडचिड सुरू झाली ती चार दिवस झाले तरी जात नाही. जेवताना तेच, फिरायला गेलो तरी तेच. शेवटी बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, म्हणजे आमची तरी सुटका होईल. म्हणून हा प्रपंच.

आधीच सांगतो, मी या प्रकारच्या पुस्तकांचा शत्रू नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचत आमची पिढी मोठी झाली. गुरुनाथ नाईक झाले, सुहास शिरवळकर झाले, मग इंग्रजी जमायला लागल्यावर अगाथा ख्रिस्ती. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. त्या दुपारी कूलरसमोर ओला पंचा डोक्यावर ठेवून बर्फातला खून वाचण्यात जी मजा आहे ती महाबळेश्वरच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो. त्यामुळे बर्फाबद्दल आम्हाला आकसही नाही :)

तर पुस्तक. शारी लापेना या कॅनडातल्या लेखिका. आधी वकिली आणि शिक्षकी केलेल्या. २०१६ साली आलेल्या 'द कपल नेक्स्ट डोअर'मुळे जगभर खपल्या. हे पुस्तक २०१८ चं, 'ॲन अनवॉन्टेड गेस्ट'. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात मिचेल्स इन नावाचं जुनं, छान हॉटेल. शनिवार-रविवार मजेत घालवायला पाहुणे येतात. लग्न ठरलेलं श्रीमंत जोडपं, लग्न मोडायला आलेलं जोडपं, एक वकील, एक लेखिका, युद्धाच्या बातम्या देऊन मनाने खचलेली एक पत्रकार आणि तिची मैत्रीण. बर्फाचं वादळ येतं, रस्ते बंद, वीज जाते. सकाळी जिन्याच्या पायथ्याशी पहिला मृतदेह. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. खुनी कोण ते मी सांगणार नाही. पुस्तक आवडलं नाही म्हणून दुसऱ्याची मजा घालवू नये एवढी रीत आम्हालाही कळते.

चांगलं काय ते आधी सांगतो. वेग आहे. प्रकरणांवर वार आणि वेळ दिलीय, त्यामुळे घड्याळ डोक्यात टिकटिकत राहतं. अंधारात सगळे एकत्र बसून एकमेकांकडे बघतात तो भाग जमलाय. झालं. आता तक्रारी.

पहिली तक्रार हिशेबाची. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. थोडे गमतीने, पण त्यातला गाभा खरा आहे. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, आणि गुप्तहेराला जो दुवा सापडला तो वाचकासमोरही ठेवला पाहिजे. म्हणजे पत्ते सारखे वाटायचे. वाचक हरला तरी त्याला म्हणता आलं पाहिजे की अरे, हे तर माझ्यासमोरच होतं!

या पुस्तकात मी हरलो, पण असं म्हणता आलं नाही. खुनामागचं कारण एका जुन्या प्रकरणात आहे, आणि ते प्रकरण शेवटी कुणीतरी सांगतं तेव्हाच आपल्याला कळतं. तोवर तर्काने तिथे पोचायला वाट नाही. मग अडीचशे-तीनशे पानं मी कशाला डोकं लढवत होतो? परीक्षेला बसवून निकालाच्या दिवशी अभ्यासक्रम सांगण्यासारखं झालं हे.

दुसरी तक्रार बर्फाची. या कादंबरीत बर्फ कशासाठी आहे? फोन बंद पाडायला आणि पोलिसांना उशीर करायला. बस्स. बाकी बर्फाला काही काम नाही. ख्रिस्तीबाईंची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' आठवा, १९३४ ची. तिथे गाडी बर्फात अडकते म्हणून खुन्याचा बेत फसतो. गाडी चालत राहिली असती तर खुनी मधल्या स्टेशनावर उतरून पळाला असं म्हणता आलं असतं. १९३१ च्या 'सिटाफर्ड मिस्टरी'त तर बर्फ काढून टाकला तर कोडंच उरत नाही. बर्फ तिथे गोष्टीतलं एक पात्र आहे. इथे तो पडद्यावर रंगवलेला आहे.

आणि एक गंमत सांगतो. १९३१ च्या डिसेंबरात ख्रिस्तीबाई स्वतः ओरिएंट एक्स्प्रेसने परत येत होत्या आणि गाडी वाटेत अडकली. कशामुळे माहितीये? बर्फामुळे नाही, पावसाने रूळ वाहून गेले म्हणून! पुरामुळे! त्यांनी नवऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात बरोबरचे प्रवासी कसे वागतात, कोण कसं करवादतं, सगळं टिपलेलं. याच मार्गावरची दुसरी एक गाडी १९२९ साली तुर्कस्तानात कित्येक दिवस बर्फात अडकली होती, ती बातमी गाजलेली होतीच. म्हणजे बर्फ दुसऱ्याचा, पण अडकलेली माणसं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे ती खरी वाटतात.

इथून माझ्या तिसऱ्या तक्रारीकडे येतो. खरी चिडचिड तिची आहे. आणि त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांनासुद्धा ही पूर्ण सांगितलेली नाही.

१९९४ चा जुलै. माझं वय तेवीस. नोकरीच्या कामाने आलापल्लीहून भामरागडला निघालो होतो. आलापल्लीला बस सुटायच्या आधी सगळ्यांनी चहा घेतला. आमच्यात औषधांच्या ऑर्डरी घेत फिरणारे एक गृहस्थ होते, बोलके, हसरे. सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. पावसात उभे राहून रेनकोटची वरची दोन बटणं काढली, आतून चामड्याचं पाकीट काढलं, पैसे दिले, परत ठेवलं. नागपुरी आग्रह! आम्ही नको नको म्हणत होतो.

पेरमिलीच्या अलीकडे नाल्याला पाणी. ड्रायव्हरने तासभर वाट पाहिली, मग गाडी वळवली, तर मागच्या नाल्यालाही पाणी चढलेलं. पुढे नाही, मागे नाही. जवळच्या गावात शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या. आम्ही अकरा प्रवासी, ड्रायव्हर आणि कंडक्टर. सगळे चिंब. ओले कपडे, छत्र्या, रेनकोट बाहेरच्या पडवीत टाकले आणि आत सतरंजीवर बसलो. तिथे स्वयंपाक करणारी एक बाई होती आणि तिच्या हाताखाली एक माडिया मुलगा, असेल चौदा वर्षांचा. त्याने रात्री आम्हाला भात आणि वास्त्यांची भाजी वाढली. मराठी त्याला जेमतेम यायचं. रात्री मला जाग आली तेव्हा तो पडवीत आमच्या सामानाजवळ काहीतरी हलवत होता. मला बघून थांबला. मी कूस बदलून झोपलो.

सकाळी औषधवाले गृहस्थ ओरडायला लागले. पाकीट नाही! वसुलीचे अठ्ठावीसशे रुपये होते त्यात. पिशवी उपसली, सतरंजी झटकली. नाही.

आता बघा. चारी बाजूंनी पाणी. कुणी आलेलं नाही, कुणी गेलेलं नाही. खोलीत तेरा माणसं, बाहेर एक बाई आणि एक मुलगा. अगदी ख्रिस्तीबाईंच्या तोडीचा मामला. आणि संशय कुणावर यायला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटंसुद्धा नाही. कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त पडवीकडे पाहिलं.

आमच्यात एक गुरुजी होते, त्यांनी मुलाला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. तो घाबरून माडियात काहीतरी सांगू लागला. ते कुणालाच कळलं नाही, आणि कळत नाही म्हणजे खोटं बोलतोय असं सगळ्यांनी धरलं. स्वयंपाकवाली बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पोट्टा तसा नाही हो बाबू." मग मी तोंड उघडलं. मी म्हणालो, रात्री मी याला सामानाशी काहीतरी करताना पाहिलंय. आणि पुढे म्हणालो, "एकदा त्याचं सामान बघून घ्यायला काय हरकत आहे?"

बघितलं. एक शर्ट, एक कंगवा, एक गुलेल. आमच्या तेरा जणांपैकी कुणाचीही पिशवी कुणी उघडली नाही. तसं कुणाला सुचलंसुद्धा नाही.

दिवसभर तो मुलगा पडवीच्या टोकाला बसून होता. संध्याकाळी त्यानेच भात वाढला.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. निघायची गडबड. बाई चुलीजवळच्या दोरीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. औषधवाल्यांनी रेनकोट चढवला, बटणं लावता लावता हात आत गेला आणि म्हणाले, "अरे! हे तर इथेच आहे!" सगळे हसले. अगदी मोकळं हसले. कुणी म्हणालं, चला, सुटलो. औषधवाल्यांनी परत चहा कबूल केला, आलापल्लीला पोचल्यावर.

आता मागे जाऊन बघा. पाकीट रेनकोटच्या आत ठेवताना मी पाहिलं होतं. रेनकोट पडवीत टाकलेला मी पाहिला होता. सकाळी सगळं उपसलं तेव्हा रेनकोट तिथे नव्हता हे मला दिसायला हवं होतं. आणि मुलगा रात्री काय हलवत होता? आमचे ओले कपडे चुलीच्या उबेला नेत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. सगळे पत्ते माझ्यासमोर उघडे होते. नॉक्ससाहेबांचा एकही नियम मोडलेला नव्हता. तरी मला दिसलं नाही, कारण उत्तर मी आधीच ठरवलेलं होतं.

निघताना मी त्याला नाव विचारलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्याने सांगितलं. मी जोहार म्हणालो आणि बसमध्ये चढलो. माफी मागितली नाही. आज तीस वर्षांवर झाली.

म्हणून ही कादंबरी वाचताना मला राहून राहून वाटत होतं, अहो, असं होत नाही! बंद जागेत अडकलेल्या माणसांत संशय सारखा वाटला जात नाही. या कादंबरीत तो पाळीपाळीने फिरतो. आज वकील, उद्या पत्रकार, परवा होणारा नवरा. बहुतेकांच्या मागे एकेक जुनं लफडं बांधून दिलेलं, म्हणजे प्रत्येकाची पाळी येईल. दसऱ्याचं सोनं वाटावं तसं वाटप. खऱ्या जगात संशय उताराने वाहतो, पाण्यासारखा. ज्याची भाषा कळत नाही, ज्याचं नाव कुणी विचारलेलं नाही, जो ताटं उचलतो, त्याच्या दाराशी तो सगळ्यात आधी पोचतो. या हॉटेलात तर सोय अशी केलीय की वादळामुळे बाकीचे नोकर येऊच शकत नाहीत, मालक आणि त्याचा मुलगाच सगळं बघतात. झाली अडचण दूर!

यावर भाची म्हणेल, मामा, तुम्ही फार मनाला लावून घेता, ते मनोरंजन आहे. आमचे एक मित्रही हेच म्हणाले. मान्य. पण मनोरंजन म्हणजे काहीही चालतं असं कुणी ठरवलं? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, वडसा आणि आसपासच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात. हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. तेही मनोरंजनच. पण त्या प्रेक्षकाला शेवटी असं फसवून बघा. पुढच्या वर्षी त्या कंपनीला गावात कोण विचारतो ते कळेल. परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर आयुष्य काढून. हा प्रेक्षक फुकट टाळी देत नाही. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, सगळी काही थोर नव्हती. पण आपण काय विकतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि वाचकालाही.

आणि 'वातावरण काय छान उभं केलंय!' असं जे म्हणतात त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. वातावरण म्हणजे काय, तर रस्ता बंद, वीज नाही, फोन नाही. अहो, पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतमी जिथे मिळतात त्या भामरागडात हे वातावरण वर्षानुवर्षं लोकांनी पावसाळ्यात काढलंय. २०१९ च्या पावसाळ्यात गावात किती वेळा पाणी शिरलं ते पेपरात वाचलंच असेल. १९७३ साली हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या आठवणी वाचा. खाटेवर घालून रोगी आणायचे, मैलोन् मैल चालत. तिथे 'अडकलो' हा शब्द फक्त बाहेरचा माणूस वापरतो. कारण त्याला कुठेतरी परत जायचं असतं. गावातला माणूस म्हणतो, पाणी आलं. त्याला सरपण कोरडं ठेवायचं असतं, मीठ पुरवायचं असतं, दिवस भरलेल्या बाईला पाणी चढायच्या आधी अलीकडे आणायचं असतं.

तुम्ही म्हणाल, मग काय रहस्यकथेत समाजशास्त्र घालायचं? नाही हो. उलट म्हणतोय. ही गोष्ट आत घेतली तर कोडं जास्त पक्कं होतं. सगळ्यांनी एकाकडे बोट दाखवलंय आणि वाचकही त्यांच्याबरोबर फसलाय, यापेक्षा चांगली चकवण्याची युक्ती कुठली? आणि उलगडा झाल्यावर वाचकाला नुसतं "अच्छा, हा होता का!" म्हणून सुटता येत नाही. थोडं स्वतःकडेही बघावं लागतं. या कादंबरीत शेवटचं पान मिटल्यावर मला बघायला काहीच नव्हतं. म्हणून चिडलो.

मराठीत असं एखादं पुस्तक यावं फार वाटतं. बर्फ नको, आपल्याकडे पाणी भरपूर आहे. दोन नाल्यांच्या मध्ये अडकलेली एक बस, तेरा माणसं, आणि पडवीत कपडे सुकवणारा एक मुलगा. मला लिहिता येत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं. गुन्हेगार कोण ते मला पहिल्या पानापासून माहीत आहे.

असो. फार झालं. पुस्तक भाचीसाठी कपाटात ठेवलंय, पुढच्या सुट्टीत घेऊन जा गं. आणि रागावू नकोस, पुढच्या वेळीही पुस्तकच आण.